त्रिपुरीचा पेच

जबलपूरहून भेडाघाटाकडे जाताना वाटेत तेवर नावाचे एक लहानसे गाव लागते. दहाव्या-अकराव्या शतकांत हीच त्रिपुरी नगरी चेदी देशाच्या कलचुरी राजांची राजधानी होती. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे कोरीव लेख साक्षेपाने संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले. त्या ग्रंथामुळे या विस्मृत नगरीचा इतिहास अभ्यासकांसमोर सुसंगतपणे आला. शंकराने तीन पुरे जाळली ती हीच जागा, अशी लोकांची श्रद्धा आहे. तिला इतिहासाचा आधार नाही. पण नाव तेच आहे, आणि शेजारून नर्मदाही वाहते आहे.

आधुनिक भारताच्या स्मरणात मात्र त्रिपुरी राहिली ती वेगळ्याच कारणाने. मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन जबलपूरजवळ नर्मदेच्या परिसरात भरले आणि त्याला या प्राचीन राजधानीचे नाव देण्यात आले. त्या आठवड्यात तेथे एक राजकीय द्वंद्व झाले. सहा आठवड्यांपूर्वी मतपेटीतून निवडून आलेला अध्यक्ष तेथे मतांनीच पराभूत झाला. त्याला कोणी पदच्युत केले नाही, त्याच्यावर अविश्वासाचा ठरावही आला नाही. तरीही त्याच्या हाती अधिकार म्हणून काही उरले नाही. हे कसे घडले, हे समजून घेतल्यावाचून स्वातंत्र्यपूर्व दशकातील काँग्रेसचे अंतरंग कळणे कठीण आहे.

क्रांतीच्या काळात गटागटांत सत्तास्पर्धा होणे ही जगाच्या इतिहासातील नेहमीचीच घटना आहे. फ्रान्समध्ये जून १७९३ मध्ये जिराँदिस्त पुढाऱ्यांना पॅरिसच्या सशस्त्र जमावाने प्रतिनिधिसभेतून बाहेर काढविले आणि ऑक्टोबरअखेर त्यांतील प्रमुखांची मस्तके गिलोटिनखाली पडली. रशियात ट्रॉट्स्कीला १९२७ मध्ये पक्षातून आणि १९२९ मध्ये देशातून जावे लागले. आयर्लंडचे उदाहरण तर भारतीयांना अधिक जवळचे. तेथे इंग्लंडशी झालेला तह जानेवारी १९२२ मध्ये ६४ विरुद्ध ५७ मतांनी संमत झाला आणि त्याच वर्षी, कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले लोक एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. सुभाषचंद्र बोस १९३६ मध्ये डब्लिनला गेले होते, डी व्हॅलेरांना भेटले होते. आयर्लंडचा हा इतिहास त्यांना पुस्तकी नव्हता. त्रिपुरीला रक्ताचा थेंब सांडला नाही. तेथील हत्यारे होती ठराव, राजीनामे, पत्रके आणि मौन. पण त्यांचे वार हलके होते असे समजण्याचे कारण नाही.

या द्वंद्वाची पूर्वपीठिका त्याच प्रांतात, आणि तीही बऱ्याच अंशी मराठी माणसांमध्ये, आदल्या वर्षी घडली होती. तिचा विसर पडला की त्रिपुरीचे चित्र अर्धेच दिसते.

तेव्हाचा मध्यप्रांत व वऱ्हाड हा इंग्रजांच्या दृष्टीने एक प्रांत होता, राजधानी नागपूर. परंतु १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपली घटना बदलून भाषेच्या तत्त्वावर प्रांतिक समित्या उभारल्या, तेव्हा या एका सरकारी प्रांतात काँग्रेसचे तीन प्रांत झाले: मराठी नागपूर, मराठी विदर्भ आणि हिंदी महाकोशल. महाकोशलाचे केंद्र जबलपूर. १९३७ मध्ये काँग्रेसने मंत्रिपदे स्वीकारली, तेव्हा या तीन प्रांतांचे मिळून एकच मंत्रिमंडळ बनविणे भाग पडले. मुख्यमंत्री झाले नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. त्यांच्याबरोबर रामराव देशमुख आणि पुरुषोत्तम गोळे हे मराठी भागाचे, तर रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलाचे. ही मोट कधीच नीट बांधली गेली नाही. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट घडवून आणण्यात आला. तो दोन महिने टिकला.

२० जुलै १९३८ रोजी डॉ. खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे आणि देशमुख यांनीही दिला. शुक्ल, मिश्र आणि मेहता या तिघांनी मात्र पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेवाचून राजीनामा देण्याचे नाकारले. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांना नवे मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण केले. संसदीय संकेताप्रमाणे यात वावगे काही नव्हते. मुख्यमंत्र्याला आपले सहकारी निवडण्याचा अधिकार असतोच. पण काँग्रेसच्या दृष्टीने हा अपराध होता. ब्रिटिश गव्हर्नरच्या हाताने काँग्रेसचे मंत्री काढविले, हे पक्षशिस्तीत बसणारे नव्हते. वर्ध्याला कार्यकारिणी बसली. खऱ्यांना राजीनामा द्यावा लागला, शुक्ल नेते झाले आणि काँग्रेसमध्ये जबाबदारीचे पद धारण करण्यास खरे अपात्र आहेत, असा ठराव झाला. नागपुरात या निर्णयाने मोठी खळबळ माजली. मराठी माणसावर हिंदी गटाने केलेली कुरघोडी, असेच अनेकांनी त्याकडे पाहिले.

त्या कार्यकारिणीचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. खऱ्यांविरुद्धच्या निर्णयाचे त्यांनी जाहीर समर्थनही केले. नेत्याला आपले सहकारी स्वतः निवडता येतात की त्यासाठी वरच्या कोणाची अनुमती लागते, हा प्रश्न जुलै १९३८ मध्ये वर्ध्याला एका मुख्यमंत्र्याच्या बाबतीत उपस्थित झाला होता. आठ महिन्यांनी तोच प्रश्न त्रिपुरीला खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत उभा राहिला. दोन्ही प्रसंग सर्वस्वी सारखे नव्हेत. खऱ्यांनी परकीय गव्हर्नरचा आश्रय घेतला होता, सुभाषबाबूंनी मतदारांचा. परंतु जे यंत्र खऱ्यांवर चालले, ते चालविण्यास आपणही हात लावला होता, याची जाणीव सुभाषबाबूंना पुढे कधी झाली असेल काय, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

फेब्रुवारी १९३८ मधील हरिपुऱ्याचे अध्यक्षपद सुभाषबाबूंना मिळाले ते गांधीजींच्या संमतीने. पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहण्याचा त्यांचा निर्णय मात्र त्यांचा स्वतःचा होता. वरवर पाहता वाद व्यक्तींचा वाटतो. मुळात तो काळवेळेचा होता. म्युनिकचा करार होऊन गेला होता, युरोपात युद्ध अटळ दिसत होते. इंग्लंड संकटात सापडणार, तेव्हा त्याला निर्वाणीचा खलिता द्यावा, ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास देशभर लढा पुकारावा, असे सुभाषबाबूंचे मत. उलट गांधीजींना आणि त्यांच्या अनुयायांना वाटत होते की देशाची तयारी नाही, संघटनेत शैथिल्य आणि भ्रष्टाचार शिरला आहे, हिंदू-मुसलमानांचे संबंध बिघडलेले आहेत. अशा स्थितीत पुकारलेला लढा हिंसेत वाहून जाईल. आठ प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे काम करीत होती, ती सोडावयाची की नाहीत हाही प्रश्न त्यात होताच. त्यातच १९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजनेबद्दल उजव्या गटातील काही मंडळी सरकारशी तडजोड करणार आहेत, भावी मंत्र्यांची नावेही ठरत आहेत, असे सुभाषबाबूंनी जाहीर पत्रकातून सुचविले. सहकाऱ्यांच्या मनाला हे सर्वांत अधिक झोंबले.

अध्यक्षपदासाठी आधी मौलाना आझादांचे नाव होते. त्यांनी ते मागे घेतले आणि डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांना पुढे करण्यात आले. २४ जानेवारी १९३९ रोजी कार्यकारिणीच्या सात सभासदांनी पट्टाभींच्या बाजूने पत्रक काढले. सरदार पटेल, राजेंद्रप्रसाद, कृपलानी, जमनालाल बजाज, भुलाभाई देसाई, जयरामदास दौलतराम यांच्याबरोबर सातवी सही महाराष्ट्राच्या शंकरराव देवांची होती. तोवर अध्यक्ष बहुधा एकमताने ठरत असे. अशी खरीखुरी लढत देशाला नवी होती. २९ जानेवारीला प्रांतोप्रांती प्रतिनिधींनी मते दिली. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभींना १३७७. बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत, कर्नाटक, केरळ यांनी सुभाषबाबूंना साथ दिली. गुजरात, बिहार आणि आंध्र पट्टाभींच्या मागे राहिले.

दोन दिवसांनी गांधीजींचे निवेदन प्रसिद्ध झाले. पट्टाभींनी आपले नाव मागे घेऊ नये असे आपणच सांगितले होते, तेव्हा हा पराभव पट्टाभींपेक्षा आपला अधिक आहे, असा त्याचा आशय होता. या एका वाक्याने निवडणुकीचा अर्थच पालटला. ज्या प्रतिनिधींनी सुभाषबाबूंना मत दिले, त्यांतील फार थोड्यांनी ते गांधीजींविरुद्ध म्हणून दिले होते. कोणाला तडफदार अध्यक्ष हवा होता, कोणाला संघराज्य योजनेची धास्ती होती, कोणाला पटेलांच्या शिस्तीचा जाच वाटत होता. गांधीजींनाच आपण हरविले, हे ऐकून त्यांतील अनेक जण मनातून चपापले. त्रिपुरीचा निकाल खरे तर येथेच अर्धाअधिक लागला.

१५ फेब्रुवारीला सुभाषबाबू वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटून आले. परतीच्या वाटेवरच ते आजारी पडले. २२ फेब्रुवारीला वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक ठरली होती. ती पुढे ढकलावी, अशी त्यांनी तार केली. आपल्या अनुपस्थितीत नेहमीचे कामकाजही होऊ नये, असा त्या तारेचा अर्थ लावून सहकाऱ्यांनी तो अविश्वास मानला आणि पंधरांपैकी बारा सभासदांनी राजीनामे दिले. जवाहरलालजींनी वेगळे पत्रक काढले. त्यात त्यांनी राजीनामा दिला की नाही याविषयी त्या वेळीही लोक बुचकळ्यात पडले. व्यवहारात मात्र तेही बाजूला झाले. उरले दोघे सख्खे भाऊ, सुभाष आणि शरद. अधिवेशन पंधरवड्यावर आले होते आणि राष्ट्रसभेला अध्यक्ष होता, पण कार्यकारिणी नव्हती.

इकडे जबलपूरकर आतिथ्याच्या तयारीत होते. बंगालकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे आणि मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांचे रूळ १८७० मध्ये याच शहरात जुळले होते. त्यामुळे देशाच्या दोन्ही टोकांकडून येथे येणे सोयीचे होते. शहराला राजकीय परंपराही होती. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाची पहिली ठिणगी नागपूरच्याही आधी जबलपूरला पडली होती. स्वागताध्यक्ष सेठ गोविंददास. अधिवेशन बावन्नावे, म्हणून अध्यक्षांच्या रथाला बावन्न हत्ती जुंपण्याची योजना झाली आणि ती पारही पडली. फक्त रथात अध्यक्ष नव्हते. त्यांची तसबीर होती.

अध्यक्ष तापाने फणफणलेल्या अवस्थेत ६ मार्चला जबलपूरला उतरले आणि रुग्णवाहिकेतून छावणीत गेले. हे शहर त्यांच्या ओळखीचे होते. १९३२ मध्ये सिवनीच्या तुरुंगातून त्यांना जबलपूरच्याच कारागृहात आणून ठेवले होते. शरदबाबूही तेव्हा बरोबर होते. आता डॉक्टरांनी इस्पितळात हलण्याचा आग्रह धरला. पण अधिवेशन संपण्याआधी दुसरीकडे जाण्यापेक्षा येथे मरण आलेले बरे, असे उत्तर देऊन त्यांनी नकार दिला. विषयनियामक समितीच्या बैठकीला त्यांना स्ट्रेचरवरून नेण्यात आले. राजकारण माणसाला किती कठोर बनविते पाहा. हा ताप खरा आहे की राजकीय, अशी कुजबूज तेथे चालू होती. सुभाषबाबूंच्या कानी ती गेली. पुढच्याच महिन्यात ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये आपल्या चमत्कारिक आजारासंबंधी त्यांनी जो लेख लिहिला, त्यात हे शल्य स्पष्ट दिसते.

गांधीजी त्रिपुरीला नव्हतेच. राजकोट संस्थानच्या ठाकोरांनी सुधारणांविषयी दिलेले वचन मोडल्यावरून त्यांनी ३ मार्चपासून तेथे उपोषण आरंभिले होते. व्हाइसरॉयच्या मध्यस्थीने ते ७ मार्चला सुटले आणि वाद फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्याकडे सोपविण्यात आला. पण त्यांच्या प्रकृतीच्या चिंतेने सबंध छावणी व्यापलेली होती. एका वृद्धाचे उपोषण राजकोटला, एका तरुणाचा ज्वर त्रिपुरीला. प्रतिनिधींचे मन यांतील कोणाकडे धावले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या वातावरणात संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी आपला ठराव आणला. अखिल भारतीय समितीच्या सुमारे १६० सभासदांचा त्याला पाठिंबा होता. ठरावात चार गोष्टी होत्या. गांधीजींच्या नेतृत्वाखाली आजवर चालत आलेल्या मूलभूत धोरणावर निष्ठा. मागील कार्यकारिणीच्या कार्यावर विश्वास. तिच्या सभासदांवर झालेल्या आक्षेपांबद्दल खेद. आणि शेवटी, येणाऱ्या संकटकाळात केवळ गांधीजीच देशाला विजयाकडे नेऊ शकतील, म्हणून अध्यक्षांनी नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ठरावाची खरी नांगी या शेवटच्या कलमात होती. काँग्रेसच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणी नेमण्याचा अधिकार अध्यक्षांचा. पंतांच्या ठरावाने अध्यक्ष बदलला नाही, घटनाही बदलली नाही; केवळ तो अधिकार, चार आण्यांचाही सभासद नसलेल्या एका महापुरुषाच्या इच्छेला बांधून टाकला. गांधीजींनी काँग्रेसचे सभासदत्व १९३४ मध्येच सोडले होते. ठराव घटनाबाह्य म्हणून आपण फेटाळू शकलो असतो, असे सुभाषबाबूंनी नंतर जवाहरलालजींना लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात म्हटले आहे. त्यांनी तो चर्चेला येऊ दिला. हा त्यांचा उदारपणा की चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल; पण तो फेटाळून त्यांना अध्यक्षाची खुर्ची फार दिवस टिकविता आली असती असे वाटत नाही.

चर्चेत राजगोपालाचारींनी दिलेला दृष्टांत फार गाजला. नदीवर दोन नावा आहेत. एक जुनी पण मोठी, तिचा नावाडी गांधीजी. दुसरी नवी, रंगविलेली, पताकांनी सजविलेली, पण तिला भोक आहे. तीत बसाल तर बुडाल, आणि ही नर्मदा खोल आहे, असे ते म्हणाले. छावणीशेजारीच नर्मदा वाहत असताना हा दृष्टांत ऐकणाऱ्यांच्या मनात किती खोल उतरला असेल! युक्तिवाद म्हणून त्यात फारसे काही नाही. नाव खरोखर फुटकी आहे की काय, हे राजाजींनी सांगितले नाही. पण सभा जिंकणारी वाक्ये नेहमीच युक्तिवादाची असतात असे नाही.

१० मार्चला खुले अधिवेशन सुरू झाले. अध्यक्षांच्या गैरहजेरीत मौलाना आझाद स्थानापन्न झाले आणि अध्यक्षीय भाषण शरदबाबूंनी वाचून दाखविले. काँग्रेसच्या इतिहासात इतके छोटे अध्यक्षीय भाषण क्वचितच झाले असेल. इजिप्तहून आलेल्या वफ्द पक्षाच्या पाहुण्यांचे स्वागत, म्युनिकच्या कराराचा उल्लेख, संस्थानी प्रजेच्या जागृतीची दखल, आणि मग मुख्य मुद्दा: सरकारला निर्वाणीचा खलिता द्या, मुदत घाला, उत्तर न मिळाल्यास सत्याग्रह पुकारा. सहा महिन्यांच्या आत युरोपात युद्ध भडकेल, असा सुभाषबाबूंचा त्या वेळचा होरा होता. युद्ध पुकारले गेले ३ सप्टेंबरला. हिशेब करून पाहिला तर सहा महिने पुरे व्हायला एक आठवडा बाकी होता.

पुढच्या दिवशी पंतांचा ठराव खुल्या अधिवेशनात आला, तेव्हा लोकनायक बापूजी अणे यांनी एक उपसूचना मांडली. अध्यक्षांची प्रकृती लक्षात घेऊन हा ठराव आता निकालात न काढता अखिल भारतीय समितीकडे सोपवावा, असे त्यांचे म्हणणे होते. यवतमाळचे अणे हे टिळकांच्या मुशीतले. १९०७ मध्ये ठरलेले नागपूरचे अधिवेशन ऐन वेळी सुरतेला नेण्यात आले, तेथे मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस दुभंगली, हा इतिहास त्यांच्या पिढीने जवळून पाहिलेला होता. फूट एकदा पडली की सांधायला किती वर्षे लागतात, हे जाणणाऱ्या माणसाची ही सूचना होती. पण वेळ निघून गेली होती. या सूचनेवरून मंडपात असा कोलाहल माजला की जवाहरलालजींसारख्या लोकप्रिय वक्त्यालाही बराच वेळ बोलू दिले गेले नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी केवळ प्रतिनिधींपुरती बैठक घेऊन पंतांचा ठराव संमत करण्यात आला.

जानेवारीतले बहुमत मार्चमध्ये गेले कोठे? त्याचे एक उत्तर काँग्रेस समाजवादी पक्षाने दिलेले आहे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंच्या बाजूने असलेले हे डावे खुल्या अधिवेशनात पंतांच्या ठरावावर तटस्थ राहिले. जयप्रकाश नारायण आणि त्यांचे सहकारी यांना सुभाषबाबूंचा कार्यक्रम अमान्य होता असे नाही. पण गांधीजींवाचून देशव्यापी लढा उभा राहणार नाही आणि काँग्रेस दुभंगली तर लढाच राहणार नाही, असे त्यांना वाटले. त्यांच्यावर पुढे विश्वासघाताचा आरोप झाला. तो पूर्णपणे न्याय्य म्हणता येत नाही. डावा गट म्हणून ज्याला म्हणत तो एक पक्ष नव्हताच. समाजवादी, साम्यवादी, रॉयवादी, किसान सभावाले आणि बंगालमधले जुने क्रांतिकारक यांची ती जत्रा होती. नकार देण्यासाठी ते एकत्र येत; कारभार चालविण्यासाठी नव्हे. उलट सरदार पटेलांच्या बाजूला वीस वर्षांत घट्ट विणलेली प्रांतिक संघटना होती. शिवाय अध्यक्षासाठी मत देणे आणि गांधीजींना नाही म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे उजव्या गटाने अचूक ओळखले. त्यांनी त्रिपुरीला निवड ठेवली ती सुभाष की पट्टाभि अशी नव्हे, तर सुभाष की गांधी अशी. असा प्रश्न विचारल्यावर १९३९ च्या भारतात उत्तर एकच येणार होते.

ठराव झाला, पण त्याची अंमलबजावणी व्हावी कशी? धनबादजवळ जामाडोबा येथे प्रकृती सुधारत असता सुभाषबाबूंनी गांधीजींशी पत्रव्यवहार चालविला. दोन्ही गटांचे मिळून संमिश्र मंडळ आपण नेमावे आणि त्याची नावे गांधीजींनी सुचवावी, अशी त्यांची विनंती होती. गांधीजींनी नावे देण्याचे नाकारले. मतभेद मूलभूत असताना संमिश्र मंडळ निरर्थक आहे, तुम्ही तुमच्या विचारांचे एकजिनसी मंडळ बनवा, असे त्यांनी कळविले. पंतांच्या ठरावाचा आपण जितका विचार करतो तितका तो नापसंत होतो, असेही त्यांनी लिहिले. ज्यांच्या नावाने ठराव झाला त्यांनाच तो नको होता. आणि ज्यांना तो बांधून घालीत होता ते मात्र त्याच्या बाहेर पाऊल टाकू शकत नव्हते. या कोंडीला दोनच वाटा होत्या. ठराव धाब्यावर बसवून स्वतःची कार्यकारिणी नेमणे, किंवा पद सोडणे.

२९ एप्रिल १९३९ रोजी कलकत्त्याला अखिल भारतीय समितीपुढे सुभाषबाबूंनी दुसरी वाट घेतली. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले. मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना झाली, आधी काँग्रेसअंतर्गत गट म्हणून. प्रांतिक समितीच्या संमतीवाचून सत्याग्रह करू नये, असे निर्बंध घालणाऱ्या ठरावांविरुद्ध ९ जुलैला सुभाषबाबूंनी देशव्यापी निषेध दिन पाळला आणि ऑगस्टमध्ये कार्यकारिणीने त्यांना तीन वर्षांसाठी कोणतेही निवडून द्यावयाचे पद धारण करण्यास अपात्र ठरविले. अपात्र! वर्षापूर्वी डॉ. खऱ्यांच्या ठरावात आलेला तोच शब्द.

महाराष्ट्रात फॉरवर्ड ब्लॉकला सेनापती बापटांसारखा माणूस मिळाला, नागपुरात कामगारांचे पुढारी रुईकर त्यात आले आणि जून १९४० मध्ये त्याचे अखिल भारतीय अधिवेशन नागपूरलाच भरले. त्याच सुमारास सुभाषबाबू सेवाग्रामला जाऊन गांधीजींना भेटले. ती दोघांची शेवटची भेट. जुलैमध्ये त्यांना कलकत्त्यात अटक झाली आणि जानेवारी १९४१ मध्ये ते देशाबाहेर निसटले.

त्रिपुरीला कोण बरोबर होते, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. युद्धाच्या भाकिताबाबत सुभाषबाबू अचूक ठरले, आणि युद्धकाळात इंग्रजांना देश सोडण्यास सांगण्याची त्यांची कल्पना ऑगस्ट १९४२ मध्ये, वेगळ्या स्वरूपात का होईना, खुद्द गांधीजींनीच अमलात आणली. परंतु १९३९ च्या मार्चमध्ये, फुटलेल्या संघटनेनिशी, सहा महिन्यांच्या मुदतीचा लढा यशस्वी झाला असता हे सिद्ध करणारा पुरावा कोणापाशीही नाही. कार्यकारिणी कोणाच्या मर्जीने बनावी, हा घटनेचा प्रश्न मात्र अधिक स्पष्ट आहे. त्या बाबतीत सुभाषबाबूंची बाजू बिनतोड होती, आणि गांधीजींनी मार्ग काढण्याची संधी असताना तो काढला नाही, हे त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणावे लागते.

या दोघांनी मात्र त्रिपुरीचा डाग मनात बाळगला नाही. सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेतील पलटणींना गांधी, नेहरू आणि आझाद यांची नावे होती. यांतील शेवटचे दोघे त्रिपुरीला त्यांच्या विरुद्ध बाजूस होते. ६ जुलै १९४४ रोजी रंगूनहून केलेल्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून संबोधिले आणि त्यांचे आशीर्वाद मागितले.

जबलपुरात त्या अधिवेशनाची खूण म्हणून भर बाजारात कमानिया गेट उभे आहे, आणि ज्या कारागृहात १९३२ मध्ये बोस बंधूंना ठेवले होते त्याला आता सुभाषबाबूंचेच नाव आहे. त्रिपुरीनंतर सात वर्षांनी, २७ फेब्रुवारी १९४६ रोजी, या शहराने आणखी एक मोर्चा पाहिला. मुंबईत नाविकांचा उठाव नुकताच शमला होता आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यांनी देश पेटलेला होता. जबलपूरच्या सैनिकी सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील सुमारे १७०० जवान बराकी सोडून बाहेर पडले, ‘जय हिंद’च्या घोषणा देत शहरात आले आणि टिळकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिलकभूमीच्या मैदानावर जमले. त्यांच्या हातांत काँग्रेसचे झेंडे होते आणि मुस्लिम लीगचेही होते.